डोळा न कापता : प्राण्यांच्या नेत्ररचनेचा एमआरआय-अभ्यास

शरीररचनाशास्त्र उभे राहिले ते शवविच्छेदनावर. पण डोळा हा सुरीला फार वाईट दाद देणारा अवयव आहे. डोळ्याचा गोल आकार टिकतो तो आतल्या दाबामुळे. छेद गेला की दाब उतरतो, गोल चेपतो, भिंग जागचे हलते. मग तो फॉर्मालिनमध्ये ठेवा, त्यातले पाणी काढा, मेणात बसवा, काप घ्या; या प्रत्येक पायरीवर ऊती आक्रसत जातात. दृष्टिपटल मागच्या थरापासून सुटलेले दिसले, तर ते आजाराने सुटले की काप तयार करताना, याचा निवाडा अनुभवी माणसालाही जड जातो. त्याहून मोठी अडचण म्हणजे एक डोळा एकदाच कापता येतो. आजार पहिल्या आठवड्यात कुठवर होता आणि सहाव्या आठवड्यात कुठवर पोचला, हे त्याच प्राण्यात पाहणे अशक्य असते. प्रत्येक टप्प्यावर वेगळे प्राणी मारून त्यांच्या सरासरीवरून गोष्ट जुळवावी लागते.

प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या डोळ्यांसाठी एमआरआय वापरायला सुरुवात झाली ती या दोन अडचणींतून वाट काढण्यासाठी. ही पद्धत काय दाखवते, कुठे तोकडी पडते, तिने कोणते जुने समज मोडले आणि महाराष्ट्रात, विशेषतः कऱ्हा नदीकाठच्या बारामती आणि शेजारच्या इंदापूरसारख्या मेंढरांच्या मुलखात, तिचा काय उपयोग होऊ शकतो, याचा हा आढावा.

चुंबक, पाणी आणि मुंबईचा धागा

एमआरआयचे मूळ तत्त्व १९४६ चे. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली अणुकेंद्रके ठरावीक वारंवारतेच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. हायड्रोजनच्या केंद्रकासाठी ही वारंवारता दर टेस्लाला सुमारे ४२.६ मेगाहर्ट्झ. या विद्येच्या बालपणात एक भारतीय नाव ठळक आहे. १९५१ साली अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या अल्कोहोलच्या रेणूतले हायड्रोजन तीन वेगळ्या जागी तीन वेगळे संदेश देतात हे दाखवून दिले. त्यातले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तिथे एनएमआरचे, म्हणजे केंद्रकांच्या या चुंबकीय प्रतिसादाच्या अभ्यासाचे, काम उभे केले. या संशोधनाची परंपरा महाराष्ट्रात अशी सत्तर वर्षांची आहे.

संदेशावरून चित्र काढण्याची युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली. पीटर मॅन्सफिल्ड यांनी तिला गणित आणि वेग दिला. दोघांना २००३ चे नोबेल मिळाले.

डोळा या तंत्राला सोयीचा आहे, कारण तो बहुतांशी पाण्याचा आहे आणि त्यातले पाणी जागोजागी वेगळ्या अवस्थेत आहे. काचरसात जवळपास ९८ ते ९९ टक्के पाणी, तेही मोकळे. त्यामुळे त्याचा संदेश रेंगाळतो आणि टी-२ प्रकारच्या चित्रात तो लख्ख दिसतो. भिंगात एक तृतीयांशाच्या आसपास प्रथिने दाटलेली. तिथले पाणी प्रथिनांशी बांधलेले असल्याने संदेश चटकन विरतो आणि भिंग काळे उमटते. श्वेतपटल कोलॅजनच्या घट्ट तंतूंचे, तेही काळेच. कोणताही रंग न घालता डोळ्याचे ठळक भाग असे आपोआप वेगळे पडतात.

लहान डोळ्याचे अवघड गणित

माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर. सशाचा सतरा-अठराच्या घरात, प्रयोगशाळेतल्या रॅटचा सुमारे ६ आणि छोट्या उंदराचा जेमतेम सव्वातीन. उंदराचे दृष्टिपटल मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाइतके जाड. रुग्णालयातल्या १.५ किंवा ३ टेस्लाच्या नेहमीच्या यंत्राला या मापाचा डोळा म्हणजे चित्रातले चार ठिपके.

म्हणून प्राण्यांसाठी ४.७, ७, ९.४ किंवा ११.७ टेस्लाची, अरुंद नळीची यंत्रे वापरतात आणि डोळ्याच्या अगदी समोर काही मिलिमीटर व्यासाची वेटोळी ठेवतात. तरीही एक हिशेब चुकत नाही. चित्रातला घनठिपका तिन्ही बाजूंनी निम्मा केला, तर त्यातले पाणी आठपट घटते आणि संदेशही आठपट क्षीण होतो. संदेशाचा दर्जा वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे गेलेला दर्जा केवळ वाट पाहून परत मिळवायचा तर ६४ पट वेळ लागेल. दहा मिनिटांचे चित्र साडेदहा तासांवर जाईल. इतका वेळ प्राणी भुलीखाली ठेवणे व्यवहार्य नसते. म्हणून बारकाई, वेळ आणि चुंबकाची ताकद यांत तडजोड करणे हाच या क्षेत्रातला रोजचा व्यवहार आहे.

भूल ही दुसरी कसोटी. श्वास चालू आहे, डोके दातपट्टीने आणि कानदांड्यांनी बसवले आहे, तरी बुबुळ हळूहळू सरकते. दीड-दोन तासांच्या चित्रणात केसाच्या जाडीएवढी हालचालही दृष्टिपटलाचे थर एकमेकांत मिसळायला पुरे. काही गट त्यासाठी स्नायू शिथिल करणारे औषध देऊन कृत्रिम श्वासावर प्राणी ठेवतात. भुलीत पापणी मिटत नाही, म्हणून पारपटल कोरडे पडू नये यासाठी जेल घालावे लागते. अंग थंड पडू नये म्हणून नळीत गरम हवा सोडावी लागते. आणि उंदीरवर्गात झायलेझिनसारख्या भुलीच्या औषधाने भिंग काही तास पांढुरके होते, हे जुन्या अनुभवाचे आहे. भिंगाचा अभ्यास करणाऱ्याने भूल निवडताना चूक केली, तर तो औषधाचाच परिणाम मोजत बसेल.

बारकाईच्या शर्यतीत एमआरआय मागेच आहे. १९९१ मध्ये आलेले ओसीटी तंत्र प्रकाशाने दृष्टिपटलाचे थर काही मायक्रॉनपर्यंत सुटे करून दाखवते. आज तालुक्याच्या नेत्ररुग्णालयातही ते आढळते. पण प्रकाशाला वाट स्वच्छ लागते. मोतीबिंदू असेल, रक्तस्राव असेल, तर ओसीटी थांबते. बुबुळाच्या रंगीत पडद्याआड आणि श्वेतपटलाच्या पलीकडेही त्याला जाता येत नाही. सोनोग्राफी खोलवर जाते, पण तिची धार बोथट. भिंगाचा पूर्ण घेर, डोळ्याचा खरा आकार, खोबणीतले स्नायू आणि मेंदूकडे जाणारी नस हे सारे एकाच चौकटीत दाखवणे एमआरआयलाच जमते.

कोणते समज मोडले

या पद्धतीने शिकवलेल्या गोष्टींत सर्वांत मोलाच्या त्या, ज्या मेलेल्या डोळ्यात दिसल्याच नसत्या.

पहिले उदाहरण पुढच्या कप्प्यातल्या पाण्याचे. तिथल्या द्रवात थोडी प्रथिने असतात. ती बुबुळाच्या पडद्यामागच्या कप्प्यात उतरून बाहुलीतून पुढे येतात असे धरून चालले होते. १९९६ मध्ये बॉस्टनच्या थॉमस फ्रेडो यांच्या गटाने सशांना चित्रात उजळणारे गॅडोलिनियमचे द्रव्य टोचून क्रमाने चित्रे घेतली. उजळपणा आधी सिलिअरी भागात आला आणि तिथून बुबुळाच्या पडद्याच्या मुळातून थेट पुढच्या कप्प्यात उतरला. मागच्या कप्प्याला त्याने वळसा घातला. डोळ्याच्या आतल्या वाहतुकीचा नकाशा यामुळे बदलला. काचबिंदू आणि डोळ्याच्या आतील दाह समजून घेताना हा मार्ग ध्यानात ठेवावा लागतो.

दुसरे उदाहरण औषधाचे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बाहेरून छोटी औषधवडी बसवली, तर औषध आत काचरसात झिरपेल, ही कल्पना आकर्षक होती. दर महिन्याला डोळ्यात सुई टोचणे टळले असते. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी सशांच्या डोळ्यांवर गॅडोलिनियमची वडी बसवून एमआरआयने पाठलाग केला. जिवंत सशात आत काहीच लक्षणीय पोचले नाही. काढलेल्या डोळ्यात मात्र तेच द्रव्य सुमारे ३० पट अधिक उतरले. कारण जिवंत डोळ्यात रक्त आणि लसीका वाहत असतात आणि औषध आत शिरण्याआधीच ती ते वाहून नेतात. काढलेल्या डोळ्यावर यशस्वी ठरलेल्या औषधयोजना रुग्णात का फसतात, याचे उत्तर या एका तुलनेत मिळते.

तिसरे क्षेत्र दृष्टिपटलाचे. २००६ मध्ये टिमथी डुआँग यांच्या गटाने रॅटच्या जिवंत दृष्टिपटलात तीन पट्टे वेगळे दाखवले : आतला पेशींचा आणि रक्तवाहिन्यांचा, मधला रक्तवाहिन्या नसलेला प्रकाशग्राही पेशींचा, आणि बाहेरचा कोरॉइडचा. आनुवंशिक ऱ्हासाच्या रॅटमध्ये मधला पट्टा झिजलेला आढळला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे श्वासातला प्राणवायू वाढवला किंवा कार्बन डायऑक्साइड दिला, की आतल्या आणि बाहेरच्या रक्तपुरवठ्याने वेगवेगळा प्रतिसाद दिला. हा प्रतिसाद रक्त वाहत असतानाच मिळतो. सूक्ष्मदर्शकाखालच्या कापात तो शोधता येत नाही.

मँगनीजचा वापरही इथलाच. मँगनीजचे आयन कॅल्शियमच्या वाटेने कार्यरत चेतापेशींत शिरतात आणि चित्रात उजळतात. १९९८ मध्ये पॉटलर, सिल्व्हा आणि कोरेत्स्की यांनी उंदराच्या डोळ्यात मँगनीज घालून ते नसेतून मेंदूपर्यंत कसे सरकते हे जिवंतपणी दाखवले. डेट्रॉइटच्या ब्रूस बर्कोविट्झ यांनी पुढे दृष्टिपटलात हेच वापरले. अंधारात प्रकाशग्राही पेशी अधिक मँगनीज घेतात, उजेडात कमी. म्हणजे पेशींचे काम थेट चित्रात मोजता येते. पण मँगनीज जास्त झाले तर विषारी, म्हणून ही वाट माणसापर्यंत तशीच आणता येत नाही.

नसेच्या बाबतीत २००३ मधले शेंग-क्वेई साँग यांचे काम मार्गदर्शक ठरले. उंदराच्या दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा काही काळ तोडल्यावर नसेतले पाणी तंतूंच्या लांबीच्या दिशेने कमी आणि काही दिवसांनी आडव्या दिशेने जास्त पसरू लागले. पहिला बदल तंतू तुटल्याचा, दुसरा त्यावरचे मायलिन आवरण झडल्याचा. दोन इजांचा क्रम एकाच नसेत पाहायला मिळाला.

चष्म्याचा नंबर वाढण्याच्या प्रश्नावरही यातून हाती काही लागले. २०१० मध्ये त्काचेंको यांच्या गटाने उंदराच्या डोळ्याची जन्मानंतरची वाढ एमआरआयने मोजली. उंदराला कृत्रिमरीत्या जवळची दृष्टी आणली, तर डोळ्याचा लांबवा माणसाच्या डोळ्यासारखाच मागच्या बाजूला होतो, हे त्यांनी दाखवले. मिलिमीटरचा लहानसा हिस्सा इकडेतिकडे झाला तरी अर्थ बदलणाऱ्या या मापात, कापताना चेपणारा डोळा विश्वासाचा नव्हताच.

कोणता प्राणी, कोणता प्रश्न

प्राण्याचा डोळा म्हणजे माणसाचा लहान डोळा नव्हे. उंदराचे भिंग डोळ्याची अर्ध्याहून अधिक लांबी व्यापते. उंदीर, ससा यांना माणसासारखा मॅक्युला नाही. म्हणजे वाचन, चेहरा ओळखणे ज्या ठिपक्यावर अवलंबून आहे, तोच त्यांच्याकडे नाही. म्हाताऱ्यांमधल्या मॅक्युलाच्या झिजेचा अभ्यास उंदरावर करणाऱ्याने ही मर्यादा आधी लिहावी. सशाचा डोळा मोठा, म्हणून औषधयोजनांसाठी सोयीचा. पण त्याच्या दृष्टिपटलाचा बराचसा भाग रक्तवाहिन्यांविना आहे. डुकराचा डोळा मापाने माणसाच्या जवळ. मेंढी आणि बोकड यांचा डोळा मोठा, श्वेतपटल भक्कम, बाहुली आडवी.

या मोठ्या डोळ्यांमुळेच एक मधला मार्ग निघतो. २०१४ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी मेंढीचे काढलेले डोळे ९.४ टेस्लाच्या यंत्रात चुंबकाशी सुमारे ५५ अंशांच्या कोनात फिरवून पाहिले. या कोनाला कोलॅजन, एरवी काळे पडणारे, उजळते. श्वेतपटल आणि पारपटलातल्या तंतूंची मांडणी आणि डोळ्याचा दाब वाढवल्यावर त्यात होणारा फरक दिसून आला. काचबिंदूत दाब सहन करणारी भिंत कशी बनली आहे, हे जाणून घ्यायला प्राणी भुलीखाली असण्याची गरज पडली नाही. ऑकलंडच्या पॉल डोनाल्डसन यांच्या गटानेही गाईबैलांची काढलेली भिंगे पोषक द्रवात ठेवून एमआरआय केला. भिंगातली पाण्याची आणि आयनांची खेळती वाहतूक औषधाने थांबवली की त्याचे प्रकाश वळवण्याचे गुणही बिघडतात, हे २०१५ मध्ये त्यांनी मांडले. मोतीबिंदू हा भिंगाच्या आतल्या पाणीव्यवस्थेचा बिघाड आहे का, हा प्रश्न त्यातून नव्याने उभा राहिला.

म्हणजे दोन प्रकारचे प्रश्न आहेत. वाहते रक्त, औषधाचा प्रवास, आजाराची चाल यांसाठी जिवंत प्राणी लागतो. तंतूंची मांडणी, भिंगाची घडण, आकारमान यांसाठी ताजा काढलेला डोळा पुरतो. हा फरक न करता आखलेला प्रकल्प प्राण्यांचीही नासाडी करतो आणि पैशांचीही.

कायदा आणि जबाबदारी

प्राण्यांच्या डोळ्यांवरच्या प्रयोगांचा इतिहास सोज्वळ नाही. १९४४ मध्ये जॉन ड्रेझ यांनी रूढ केलेल्या चाचणीत सशाच्या डोळ्यात रसायन घालून दाह मोजत. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांना बंदी घातली आणि अशी चाचणी केलेल्या प्रसाधनांची आयातही रोखली. आज दाह मोजण्यासाठी कत्तलखान्यातून आलेल्या गाईबैलांच्या पारपटलावरची चाचणी जगभर मान्य आहे.

प्रयोगांचे नियमन १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या केंद्रीय समितीकडे आहे. १९९८ चे नियम लागू आहेत आणि संस्थेची नोंदणी व प्राणी नैतिकता समितीची मंजुरी घेतल्याशिवाय उंदरालाही हात लावता येत नाही. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली त्रिसूत्री, म्हणजे पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा, या साऱ्यामागे आहे. एमआरआय दुसऱ्या सूत्राला थेट मदत करते : तोच प्राणी पुन्हापुन्हा पाहता येत असल्याने प्रत्येक टप्प्यासाठी नवा गट मारावा लागत नाही. मात्र वारंवार भूल देणे हीही यातनाच आहे आणि तिचा हिशेब मंजुरीच्या अर्जात यायला हवा.

कऱ्हाकाठी काय करता येईल

प्राण्यांसाठीची मोठी एमआरआय यंत्रे देशात मोजक्या ठिकाणी आहेत. दिल्लीच्या एम्समध्ये ४.७ टेस्लाचे यंत्र वापरात आले ते याच कामासाठी. असे यंत्र बारामतीत बसवावे, ही मागणी आज वास्तवाला धरून होणार नाही. अतिवाहक चुंबक उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियमने थंड राखावा लागतो. किंमत आणि देखभाल दोन्ही जड. मुंबईच्या समीर या संस्थेच्या पुढाकाराने देशी १.५ टेस्लाचे यंत्र घडते आहे, पण ते माणसांसाठी आहे.

तरी या भागाजवळ एक गोष्ट आहे, जी मोठ्या प्रयोगशाळांना सहज मिळत नाही : ताजा आणि ओळख असलेला डोळा. दख्खनी मेंढ्या, उस्मानाबादी शेळ्या, धनगरांचे वाडे आणि आठवडे बाजार इथल्या अर्थव्यवस्थेचा भाग आहेत. शेजारच्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीत बंगालच्या गरोळ जातीचे जुळ्यांचे जनुक आणून सुवर्णा मेंढी घडवली. म्हणजे वंशावळीच्या नोंदी ठेवण्याची शिस्त या पट्ट्याला नवी नाही. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय, माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापन संस्था, बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नेत्रशल्यविशारद शस्त्रक्रियेचा पहिला सराव बोकडाच्या डोळ्यावर करतात, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आजवर सराव झाला की तो डोळा फेकला जातो. त्याच्यासोबत वय, जात, कापल्याची वेळ यांची नोंद येत नाही.

दुसरी सोय पुण्यात आहे. तिथल्या आयसर आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रसायनशास्त्रासाठी एनएमआर यंत्रे आहेत. ४०० मेगाहर्ट्झचे यंत्र म्हणजे ९.४ टेस्लाचा चुंबक. मेंढीच्या श्वेतपटलाचे तंतू दाखवणारी ताकद नेमकी तीच. रुंद नळीचा चुंबक, चित्रणाचा प्रोब आणि ग्रेडियंट वेटोळी असतील, तर काढलेले भिंग किंवा श्वेतपटलाचा तुकडा अशा यंत्रात पाहता येतो.

अशा कामात शिस्त महत्त्वाची. कापल्यानंतरच्या काही तासांतच पारपटल फुगू लागते. कोवळ्या जनावराचे भिंग बर्फात ठेवले तर थंडीने पांढरे होते आणि ऊब मिळाल्यावर पुन्हा स्वच्छ होते. हे माहीत नसलेला संशोधक त्यालाच मोतीबिंदू म्हणून बसेल. डोळा ओलसर आणि थंड असावा, पण गोठवलेला नसावा, आणि प्रत्येकासोबत जनावराचे वय, जात, लिंग व वेळ लिहिलेली चिठ्ठी हवी. हे काम खाटीक, पशुवैद्य आणि संशोधक यांनी मिळून करायचे आहे आणि त्याला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही.

निष्कर्ष

तीस वर्षांच्या कामाचा झाडा घेतला तर निवाडा स्पष्ट आहे. दृष्टिपटलाच्या बारीक थरांसाठी ओसीटी सरस, पेशींसाठी सूक्ष्मदर्शक सरस. एमआरआयने आपली जागा कमावली ती वाहत्या, बदलत्या आणि पडद्याआडच्या डोळ्यात. पुढच्या कप्प्याचा मार्ग, औषधाच्या वडीचे अपयश, नसेच्या ऱ्हासाचा क्रम ही तिची खरी कमाई. म्हणून जिवंत प्राण्यावरचा एमआरआय अशाच प्रश्नांसाठी राखून ठेवावा आणि रचनेचे बाकीचे प्रश्न मांसासाठी कापल्या जाणाऱ्या जनावरांच्या डोळ्यांवर सोडवावेत. बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांनी यंत्राची वाट न पाहता अशा डोळ्यांची नीट नोंदवही सुरू करावी; पुण्यातली यंत्रे तिच्यापासून फार लांब नाहीत.